‘रडू नकोस’च्या पुढचं शिक्षण

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात. त्या पहिल्या आठवड्यात कोणत्याही बालवाडीच्या दाराशी अर्धा तास उभं राहावं. एक मूल आईच्या ओढणीचं टोक मुठीत गच्च धरून भोकाड पसरतं. दुसरं रडत नाही, पण पाण्याच्या बाटलीचा पट्टा तोंडात धरून चावत राहतं. तिसरं गुपचूप आत जाऊन बसतं आणि दहाच्या सुमारास ताईंना सांगतं, ‘पोटात दुखतंय.’ तिघांनाही आई हवी आहे. पहिल्याला ते ओरडून सांगता येतं, दुसऱ्याला सांगता येत नाही आणि तिसऱ्याला आपल्याला नेमकं काय होतंय हेच कळलेलं नाही, म्हणून ते पोटावर हात ठेवतं.

मोठ्यांची उत्तरं मात्र तिघांसाठी सारखीच असतात. ‘शहाणं बाळ ना तू?’ ‘तो बघ काऊ!’ ‘मुलीसारखा काय रडतोस?’ ‘गप्प बस, नाहीतर पोलीस येईल.’ घरात मूल उंबऱ्याला अडखळून पडलं की आजी उंबऱ्याला चापट मारते, ‘हात रे! माझ्या बाळाला लागलं ना!’ यातलं प्रेम खरं आहे. पण पडल्यावर दुखलं, घाबरायला झालं, सगळ्यांसमोर पडल्याची लाज वाटली, या तीन वेगवेगळ्या गोष्टींपैकी एकीचंही नाव मुलाच्या कानावर पडत नाही. दुखलं की कुणाला तरी मारायचं, एवढं मात्र त्याला दिसतं.

लहान मुलांना भावना ओळखायला आणि त्या चित्रातून, मातीतून, नाटकातून, गोष्टीतून मांडायला शिकवावं, असं आता सगळेच म्हणतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या अभ्यासक्रम आराखड्यात तीन ते आठ वयाच्या मुलांच्या सामाजिक-भावनिक विकासाला स्वतंत्र जागा आहे. ‘शिकवावं का’ हा वाद संपला आहे. कसं शिकवायचं, कुणी शिकवायचं आणि शिकवण्याच्या नावाखाली काय करू नये, हे प्रश्न अजून तसेच आहेत.

मुलांना यातलं काय, कोणत्या वयात समजतं? फ्रान्सिस्को पोन्स, पॉल हॅरिस आणि मार्क डी रोस्ने यांनी २००४ साली तीन ते अकरा वयाच्या मुलांवरचं काम प्रसिद्ध केलं. त्यातून तीन टप्पे दिसतात. पाचच्या आसपास मुलाला चेहरा वाचता येतो आणि वाढदिवसाला आनंद होतो, खेळणं हरवलं की वाईट वाटतं, अशी बाहेरची कारणं कळतात. सातच्या सुमारास आतलं कळू लागतं. दोघांना वेगवेगळी गोष्ट हवी असेल तर एकाच प्रसंगात एक खूश आणि दुसरा खट्टू असू शकतो, हसऱ्या चेहऱ्यामागे रडू लपवता येतं, हे त्याला समजतं. एकाच वेळी आनंद आणि भीती दोन्ही वाटू शकतात, हे उमगायला नऊ उजाडतं. म्हणजे पहिल्या दिवशी नवं दप्तर मिरवणाऱ्या आणि त्याच वेळी रडणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला ‘आत्ता तर हसत होतास, मग आता काय झालं?’ असं विचारणं म्हणजे त्याच्या आवाक्याबाहेरचं गणित घालणं आहे.

शेरी वायडन आणि जेम्स रसेल या मानसशास्त्रज्ञांना आणखी एक गोष्ट आढळली. दोन-तीन वर्षांच्या मुलाकडे ‘बरं वाटतंय’ आणि ‘बरं वाटत नाहीये’ असे जवळजवळ दोनच खण असतात. राग, दुःख, भीती त्यांतून हळूहळू, काही वर्षांत वेगळी होतात. किळस आलेल्या चेहऱ्याला तर बरीच मुलं शाळेत जायला लागल्यावरही ‘रागावलाय’ असंच म्हणतात. भिंतीवरच्या तक्त्यातले सहा चेहरे महिनाभरात पाठ झाले म्हणजे मुलाला भावना समजल्या, असं मानणाऱ्या प्रत्येक शाळेनं या कामाची दखल घ्यायला हवी.

मग मूल शिकतं कुठून? बोलण्यातून. ज्युडी डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं १९९१ सालचं काम यासाठी अजून सांगितलं जातं. ज्या घरांत मूल तीन वर्षांचं असताना भावनांविषयी जास्त बोलणं होत होतं, त्या घरांतल्या मुलांना साडेसहाव्या वर्षी अनोळखी मोठ्या माणसांच्या भावना अधिक नेमक्या ओळखता आल्या. या घरांत कुणी वेगळा तास घेतला नव्हता. ‘दादानं गाडी घेतली म्हणून तुला राग आला, हो ना?’ एवढंच, पण रोज.

इथे भाषेचा मुद्दा येतो, आणि मराठी घराशाळांत त्याचा विचार फार कमी होतो. इंग्रजी माध्यमाच्याच नव्हे, मराठी बालवर्गांतही आता पिवळ्या गोल चेहऱ्यांचा तक्ता असतो आणि त्याखाली हॅपी, सॅड, अँग्री, स्केअर्ड. मूल सकाळी येऊन आपल्या नावाची चिमटी एका चेहऱ्याला लावतं. कल्पना वाईट नाही. पण मराठीत ‘सॅड’ या एका खणात किती वेगवेगळी माणसं बसली आहेत, ते पाहा. हिरमुसणं म्हणजे आशा लावून बसलेल्याची आशा ऐनवेळी मोडणं. त्यात आदळआपट नाही, फक्त चेहरा उतरतो. रुसणं हे रागाचं भावंड, पण रुसायला समोर आपलंच माणूस लागतं आणि त्यानं येऊन समजूत काढावी ही इच्छा त्यात दडलेली असते. अनोळखी माणसावर कुणी रुसत नाही. चुटपुट म्हणजे लहानशा चुकीची मागे राहिलेली टोचणी. मैत्रिणीला खाऊ दिला नाही आणि ती घरी निघून गेली, की संध्याकाळी जे वाटतं ते. शिवाय ओशाळणं, बुजणं, भेदरणं, कानकोंडं होणं, हुरहूर, घुसमट, चिडचिड आहेतच. आणि ‘करमत नाही’! सहावीतल्या ताईची शाळा सुरू झाल्यावर घरात एकट्या पडलेल्या धाकट्याला जे होतं, त्याला याहून नेमका शब्द नाही. चार वर्षांच्या मुलाला हे शब्द जड नाहीत. त्याच्या अनुभवाच्या मापाचे आहेत. ते वापरणारं कुणी त्याच्या आसपास उरलं आहे का, एवढाच प्रश्न आहे.

शरीराची भाषाही मराठीनं जपली आहे. पोटात गोळा येतो, काळजात धस्स होतं, घशात आवंढा दाटतो, अंगावर काटा येतो, तळपायाची आग मस्तकात जाते. मोठ्यांसाठी हे वाक्प्रचार झाले, लहानांसाठी ती अजून प्रत्यक्ष घडणारी गोष्ट आहे, कारण लहान मुलाला भावना आधी अंगात कळते. भरताच्या नाट्यशास्त्रानं याचा विचार फार पूर्वी केला आहे. तिथे आठ स्थायिभाव आणि तेहतीस व्यभिचारी, म्हणजे येऊनजाऊन असणारे भाव सांगितले आहेत आणि त्यांच्या जोडीला आठ सात्त्विक भाव आहेत. हे शेवटचे आठ सगळे शरीरावर दिसणारे: घाम, रोमांच, आवाज बदलणं, कापरं भरणं, रंग उडणं, डोळ्यांत पाणी. एकूण एकोणपन्नास. ‘पोटात दुखतंय’ म्हणणाऱ्या मुलाला ‘गोळा आलाय का पोटात? आई कधी येईल असं वाटतंय का?’ असं विचारणाऱ्या ताई या जुन्या वाटेनंच चाललेल्या असतात.

पाश्चात्त्य विद्येतही चेहऱ्यांच्या तक्त्यावर एकमत नाही. पॉल एकमन यांनी पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांत काम करून मोजक्या मूलभूत भावना आणि त्यांचे जगभर सारखे चेहरे, असा सिद्धांत मांडला. २०१५ च्या ‘इन्साइड आउट’ या चित्रपटातली पाच पात्रं त्याच विचारातून आली, आणि एकमन त्या चित्रपटाचे सल्लागारही होते. लिसा फेल्डमन बॅरेट यांनी २०१७ च्या आपल्या पुस्तकात याच्या उलट बाजू घेतली. त्यांच्या मते चेहऱ्यावरून भावना अशी सरळ वाचता येत नाही. शरीरातल्या खळबळीला अर्थ देताना मेंदू आपल्या भाषेतल्या, संस्कृतीतल्या संकल्पना वापरतो. हा वाद मिटलेला नाही. पण बॅरेट यांचं थोडं जरी खरं असेल, तर मुलाच्या घरच्या भाषेतला शब्द ही शोभेची वस्तू राहत नाही. ज्या घरात वारली, कोरकू, गोंडी, अहिराणी बोलली जाते तिथल्या मुलाला भावना आधी त्या भाषेत विचाराव्या लागतील, प्रमाण मराठीतही नाही.

शब्दांनंतर येते अभिव्यक्ती. इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

महाराष्ट्रातल्या कोणत्याही पहिलीच्या वर्गात कोरा कागद वाटला तर निम्म्याहून जास्त कागदांवर तेच चित्र उमटेल, अशी भीती चित्रकलेच्या प्रत्येक संवेदनशील शिक्षकाला असते. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवता सूर्य, नागमोडी नदी, कौलारू झोपडी, एक नारळ आणि आकाशात इंग्रजी ‘व्ही’सारखे पक्षी. हे चित्र मुलाचं नाही. ते ‘असं काढ’ म्हणून हातात दिलेलं आहे. रंगभरण स्पर्धेत रेषेच्या बाहेर रंग गेला की गुण जातात, गॅदरिंगच्या बडबडगीतात तिसऱ्या ओळीला सगळ्यांचे हात एकदम वर जावे लागतात. यातून हात वळतो, सराव होतो, आईबाबांना फोटो मिळतो. पण याला भावनांची अभिव्यक्ती म्हणता येणार नाही, आणि अशा उपक्रमांच्या संख्येवरून शाळेची सर्जनशीलता मोजू नये.

दुसरा गैरसमज ‘बाहेर काढू दे’ हा. राग आला? उशीला बुक्के मार, कागद फाड, जोरात ओरड, मोकळं वाटेल. ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली हे तपासून पाहिलं. ज्यानं चिडवलं त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारणाऱ्यांचा राग उतरला नाही. स्वस्थ बसून राहिलेल्यांपेक्षा ते जास्त रागावलेले निघाले. अभ्यास तरुण विद्यार्थ्यांवर होता, पण उशीचा सल्ला लहानांना देण्याआधी थांबायला तो पुरेसा आहे. उलट, भावनेला नुसतं नाव देण्यानं मेंदूतल्या अमिग्डालाची उसळी कमी होते, असं मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ च्या प्रयोगात दिसलं. तोही मोठ्यांवरचाच.

मुलांवरचा एक प्रयोग मात्र फार बोलका आहे. जेनिफर ड्रेक आणि एलन विनर यांनी सहा ते बारा वयाच्या मुलांना हिरमोड झालेला एखादा प्रसंग आठवायला सांगितला. मग काहींना त्याच प्रसंगाचं चित्र काढायला सांगितलं, काहींना अगदी वेगळ्याच गोष्टीचं. मनःस्थिती जास्त सुधारली ती वेगळं काहीतरी काढणाऱ्यांची. २०१३ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष ‘तुला काय वाटतंय ते काढून दाखव’ म्हणून मागे लागणाऱ्या उत्साही मोठ्यांना खटकेल. पण रडून झाल्यावर अंगणात जाऊन मुंग्यांची रांग पाहत बसणारं मूल कुणी पाहिलं असेल, तर त्याला नवल वाटणार नाही.

याचं सर्वात हृदय हलवणारं उदाहरण इतिहासात आहे. वायमारच्या बाउहाउस या कलाशाळेत शिकलेल्या चित्रकार फ्रीडल डिकर-ब्रांडाइस यांना नाझींनी डिसेंबर १९४२ मध्ये प्रागजवळच्या तेरेझीन इथल्या छळछावणीत पाठवलं. तिथे त्यांनी मुलांना चित्रकला शिकवली. कागद मिळेल तो, रंग मिळतील ते. आधी हात मोकळा करायला लयीच्या रेषा, मग समोरच्या वस्तू, मग जुन्या चित्रांतल्या आकारांचे कोलाज. मुलांनी चित्रावर आपलं नाव घालावं यावर त्यांचा भर असे. जिथे माणसाचा आकडा झाला होता, तिथे. त्या चित्रांत छावणी दिसते, पण त्याहून जास्त दिसतात घरं, फुलं, फुलपाखरं, मांडलेलं जेवणाचं टेबल. फ्रीडलबाईंनी मुलांकडून दुःख उकरून काढलं नाही. दुःखाच्या मधोमध स्वतःच्या हातानं काहीतरी घडवायची जागा दिली. ऑक्टोबर १९४४ मध्ये त्यांना आउशवित्झला नेऊन मारण्यात आलं. जाण्याआधी दोन सूटकेसमध्ये लपवलेली सुमारे साडेचार हजार चित्रं वाचली. ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. ती काढणारी बहुतेक मुलं वाचली नाहीत. फ्रीडलबाईंची छावणीपूर्वीची विद्यार्थिनी एडिथ क्रेमर अमेरिकेत गेली आणि पुढे कलोपचाराच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक ठरली.

चित्रापेक्षाही लहान मुलाला जवळचं असतं ते सोंग. भातुकलीत आई झालेली पाच वर्षांची मुलगी बाहुलीला ज्या सुरात रागावते, तो सूर ऐकून खऱ्या आईला पदर तोंडाला लावावा लागतो. तिथे कुणी शिकवत नाही. जे सोसलं ते दुसऱ्या बाजूनं करून पाहण्याची ती जागा आहे, आणि फ्लॅटमधल्या एकुलत्या मुलाला आज ती सहज मिळत नाही. म्हणून बालवाडीत बाहुल्यांचा कोपरा हवा.

मराठी बालनाट्याला या बाबतीत मोठा वारसा आहे. सुधा करमरकर यांनी १९५९ साली ‘लिटल थिएटर’ उभं केलं, रत्नाकर मतकरींच्या ‘मधुमंजिरी’ या नाटकापासून. मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी साकारली, आणि पुढच्या पिढीतही ती मुलांना तितकीच किंचाळायला लावते. आईचा हात धरून, दिवे पुन्हा लागणार हे माहीत असताना घाबरणं हा भीतीशी ओळख करून घ्यायचा उत्तम मार्ग आहे. अर्थात प्रेक्षागृहात बसून पाहणं आणि स्वतः नाटक रचणं यांत अंतर आहे. ते अंतर मतकरींनीच उतारवयात ओलांडलं. ठाण्यातल्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू झाला, त्यात संहिता, विषय आणि बोली त्या मुलांचीच होती. कांचन सोनटक्के यांची ‘नाट्यशाला’ श्रवणदोष, दृष्टिदोष असलेल्या आणि इतर विशेष मुलांबरोबर नाट्याचंच माध्यम वापरत आली आहे. ज्या मुलांकडे बोलण्याचा मार्ग अरुंद आहे, त्यांच्याबाबत अंगाभिनय म्हणजे काय हे तिथे प्रत्यक्ष पाहता येतं.

पुस्तकांत माधुरी पुरंदरे यांचं नाव आधी घ्यायला हवं. ‘राधाचं घर’ किंवा ‘यश’ मालिकेत कुणी राक्षस येत नाही आणि बोध केला जात नाही. घरातले रोजचे प्रसंग असतात, आणि चित्रातल्या आजोबांच्या बसण्यावरूनच त्यांचा मूड कळतो. असं पुस्तक मांडीवर घेऊन ‘याला आत्ता काय वाटत असेल?’ एवढं विचारलं तरी बराच वेळ गप्पा रंगतात, कारण दुसऱ्याच्या भावनेबद्दल बोलणं मुलाला सोपं जातं. स्वतःच्या भावनेकडे ते मागच्या दारानं येतं.

या सगळ्याची मुळं आपल्याकडे नवी नाहीत. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेकांनी मार आणि भीती वर्गाबाहेर काढून गोष्टीला आत आणलं. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साथीनं १९४५ साली बोर्डीत ग्रामबालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडला नेलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात गेली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात शाळा भरली. माँटेसरीच्या महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पानं आली. वारली मुलाच्या हातात त्याच्या ओळखीची वस्तू देणं हे त्या मुलाच्या मनाचा मान राखणं होतं. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथून आला, आणि २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाल्यावर देशभर पोचला. शब्द पोचला, पण त्यामागचा मोकळा वेळ सगळीकडे पोचला नाही. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सुरू केलेल्या ‘सृजन आनंद विद्यालया’नं मुलांच्या अनुभवाला शिक्षणाचा कच्चा माल मानलं, तेही याच धाग्यातलं.

हे सगळं वेळापत्रकात बसवता येतं का? दिल्ली सरकारनं २ जुलै २०१८ ला नर्सरी ते आठवीसाठी ‘हॅपिनेस’ अभ्यासक्रम सुरू केला: पहिलीपासून रोज एक तासिका, गोष्ट, कृती, बोलणं, आणि परीक्षा नाही. परीक्षा नाही हा त्यातला सर्वात चांगला भाग. जोसेफ डरलाक आणि सहकाऱ्यांनी २०११ साली अशा २१३ शालेय कार्यक्रमांचा, म्हणजे २,७०,०३४ विद्यार्थ्यांच्या माहितीचा एकत्रित अभ्यास केला. वागणूक सुधारली आणि अभ्यासातली कामगिरीही ११ पर्सेंटाइलनं वर गेली. दुसरीकडे, ब्रिटनमध्ये ८५ शाळांत, किशोरवयाच्या उंबरठ्यावरच्या आठ हजारांहून जास्त मुलांवर झालेल्या माइंडफुलनेसच्या मोठ्या चाचणीत, २०२२ साली, नेहमीच्या शिकवण्यापेक्षा जास्त फायदा आढळला नाही. वय वेगळं, पद्धत वेगळी, त्यामुळे एकानं दुसरं खोडलं जात नाही. पण भावनांचं शिक्षण म्हणजे कुणीतरी विकत दिलेला संच आणि तो उघडायचा तास, असं समजणाऱ्यांनी दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत.

शेवटी प्रश्न येतो तो माणसाचा. महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. तिथली सेविका मुलांचं वजन घेते, आहार वाटते, गरोदर बायांच्या घरी जाते, मोबाइलवर पोषण ट्रॅकर भरते, आणि हे सगळं मानधनावर. डिसेंबर २०२३ पासून दीड महिन्याहून जास्त काळ राज्यातल्या सेविका संपावर होत्या. जिचा स्वतःचा वैताग ऐकायला कुणी नाही, तिनं वीस मुलांची चुटपुट ऐकावी, ही अपेक्षा करताना धोरण लिहिणाऱ्यांनी तिचा दिवस तासातासानं मांडून पाहायला हवा. चेहऱ्यांच्या तक्त्यांवर होणारा खर्च आधी दुसऱ्या मदतनिसावर व्हावा.

कारण या कामात खरी हातोटी लागते ती ऐकण्याची, आणि तिला वेळ लागतो. समजा, एका मुलानं कागदभर काळा खडू फिरवला. ‘हे काय काढलंस?’ म्हटलं की ते कागद उलटा करतं. ‘वा, छान!’ म्हटलं की ते दुसऱ्या कागदाकडे जातं. शेजारी बसून ‘इथे खूप जोरात खडू फिरवलास तू’ एवढंच म्हटलं, तर कदाचित ते बोलेल. कदाचित बोलणार नाही, आणि तो त्याचा हक्क आहे. बोललं तर ताईंनी ते कागदाच्या खाली त्याच्याच शब्दांत, त्याच्याच बोलीत, एकही शब्द न सुधारता लिहून घ्यावं आणि बोट फिरवत त्याला वाचून दाखवावं. ‘लाइट गेली. बाबा वरडला. मी पलंगाखाली.’ मग कागदावर तारीख घालून तो फाइलमध्ये ठेवावा आणि त्याला विचारावं, अजून कागद हवाय का.